नव्वदला येणारी थरथर

मी स्टेपनी बोलतेय. डिकीत डोकावू नका, तिथे मी नाही. गालिचा उचललात तर जॅक सापडेल, काडी मोडलेली छत्री सापडेल, आणि माझ्या आकाराची एक रिकामी खोलगट जागा. मी सध्या गाडीच्या पुढच्या बाजूला आहे, डावीकडे, चक्क रस्त्यावर! अजूनही स्वतःला चिमटा काढून बघावासा वाटतो, पण त्याला हात लागतात.

आम्ही पाचजणी एकाच कारखान्यातून एकाच गाडीच्या वाट्याला आलो. चौघी खाली गेल्या, मी डिकीत. मलाच का ठेवलं ते कुणी सांगितलं नाही. त्या चौघी रोज जग बघायच्या आणि मी अंधारात पडून ऐकायचे. ऐकून ऐकून मात्र कान तयार झाले. एक गोष्ट पक्की कळली, गाडीत एकटं असलं की माणूस खरं बोलतं.

आमच्या मालकीणबाई दंतवैद्य. गाडी त्यांच्याशिवाय कुणी चालवत नसे. त्या राहतात एका गावात आणि दवाखाना दुसऱ्या गावात, त्यांच्या माहेरच्या. मध्ये हायवे. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. ब्रश सुटला, मग शर्टाची बटणं, मग चहाचा कपसुद्धा लेकीला तोंडाशी धरावा लागायचा. आता ते नाहीत. पण बाई गाडीत त्यांच्याशी बोलायच्या.

"बाबा," एकदा हायवेवर त्या म्हणाल्या, "तुमचंही असंच सुरू झालं होतं का हो?"

बाईंच्या हातात थरथर आली होती. गावातल्या रस्त्यावर काही नसायचं. हायवेला लागलं, वेग वाढला, की ऐंशीच्या पुढे बारीकशी सुरू व्हायची आणि नव्वदला अगदी कोपरापर्यंत चढायची. वेग कमी केला की ओसरायची. "वेगाला घाबरले की हात थरथरतात," असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मग त्या सत्तरनेच जायला लागल्या. मागचे ट्रक भोंगे वाजवून बेजार करायचे, पण बाई ढिम्म. एकदा उशीर झाला म्हणून नव्वदने गेल्या आणि दवाखान्यात उतरल्यावर त्यांच्या बोटांना मुंग्या येतच राहिल्या. त्या दिवशी त्यांनी एका आजीबाईंचं रूट कॅनॉल पुढे ढकललं. पुढच्या खेपेला पुन्हा ढकललं.

धाकट्या बहिणीला गाडीतूनच, फोनच्या स्पीकरवर, त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, एखाद्या डॉक्टरला दाखव ना!"

"मीच डॉक्टर आहे."

"दातांची! तिथे हातांचं काय कळतं तुला?"

"दाखवलं की नाव पडतं त्याला. बाबांच्या वेळी बघितलंय मी." मग त्या म्हणाल्या, "मी दवाखाना बंद करतेय. पाटी काढायला माणूस सांगितलाय. एखाद्याच्या तोंडात हात थरथरला तर, सांग ना, मी काय करू?"

 मला डिकीत पडल्यापडल्या रडू फुटायचं बाकी होतं. पण मी रबर आणि लोखंड, माझं कोण ऐकतंय?

त्याच आठवड्यात गाडी ब्रेकच्या कामाला गॅरेजात गेली. गॅरेजवाले काका बाईंच्या वडलांच्या ओळखीतले. बोलायला फटकळ, पण कामात चोख. ब्रेक झाल्यावर ते गाडी हायवेवर फिरवून आले आणि उतरताच म्हणाले, "अहो डॉक्टर, नव्वदला स्टिअरिंग हलतंय की! कधीपासून? तुम्हाला कळलं नाही?"

  अगदी हळू आवाजात बाईंनी विचारलं, "गाडी हलतेय? नक्की?"

"मग काय मी हलतोय?" काका म्हणाले. "साधा हिशोब आहे. हात थरथरले तर पुढची चाकं, बूड थरथरलं तर मागची. तुमचं पुढचं काहीतरी आहे."

त्यांनी पुढची दोन्ही चाकं काढून मशीनवर फिरवली. कुठली बाजू जड, कुठली हलकी ते मशीन सांगतं, मग हलक्या बाजूला शिशाचा तुकडा लावायचा. मशीनवर शून्य आलं तेव्हा काका खूश झाले. "चला, आता तुम्हीच चालवून बघा. मी शेजारी बसतो."

हायवेला लागलो. ऐंशी. नव्वद. मी डिकीत कान टवकारून होते. काका म्हणाले, "गेलं ना? मला तर काही जाणवत नाही."

उत्तराऐवजी बाईंनी वेग कमी केला. मला कळलं काय झालंय ते. थरथर गेली नव्हती. गाडी दुरुस्त झाली, मशीनने शून्य दाखवलं, शेजारच्या माणसाला काही लागत नाही, म्हणजे आता जे उरलंय ते आपलंच, असं त्यांना वाटलं असणार. "हो, गेलं" म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच बाकी होतं. पाटीवाला शनिवारी येणारच होता.

पण बाईंनी गाडी कडेला घेतली. "काका," त्या म्हणाल्या, "जरा तुम्ही धरून बघता?"

एवढीशी विनंती, पण ती करायला त्यांना किती जोर लागला असेल! काकांच्या हातात स्टिअरिंग शांत राहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. दारं उघडली, जागा बदलल्या. गाडी सुटली. ऐंशी. नव्वद.

"आयला!" काका ओरडले. "हे तर आहेच अजून!"

"खरंच?"

"माझे हात काय खोटं बोलतायत?"

बाई हसल्या. हसता हसता नाक ओढल्याचा आवाजही आला. काकांना वाटलं असेल सर्दी झालीय.

गॅरेजात परतल्यावर काका डोकं खाजवत बसले. मशीन शून्य म्हणतं आणि गाडी नाही म्हणते. तेव्हा बाईच बोलल्या, "आमच्याकडे पेशंट एका दाताकडे बोट दाखवतो आणि दुखत असतो भलताच. मग आम्ही एकेका दाताला थंड लावून बघतो."

"इथे थंड काय लावणार? बर्फ?"

"एक धडधाकट चाक आहे ना? ते एकेका जागी लावून बघू."

डिकी उघडली. गालिचा उचलला गेला. उजेड! मी इतकी वर्षं ज्या उजेडाबद्दल नुसतं ऐकत होते तो एकदम अंगावर आला. काकांनी मला थोपटलं आणि म्हणाले, "हिच्यात हवाच नाही. कधी बघितलीत का?" बाई ओशाळल्या. हवा भरली. पहिल्यांदाच मी ताठ झाले.

आधी मला उजवीकडे लावलं. जॅक खाली आला आणि माझं अंग जमिनीला टेकलं. काय सांगू तुम्हाला! सगळ्या गाडीचं वजन, त्यात बसलेली दोन माणसं, त्यांच्या काळज्या, सगळं तळहाताएवढ्या जागेवर तोललं जातं आणि ती जागा क्षणाक्षणाला बदलते. मला वाटायचं, रस्ता म्हणजे पोचायचं ठिकाण असेल. रस्ता तर संपतच नाही! खडी, डांबर, पांढरा पट्टा, पुलाचा सांधा, पुन्हा डांबर. मी हरखून गेले. बाई चालवत होत्या. नव्वदला पोचलो आणि माझ्या शेजारून, डावीकडून, ती थरथर आली. धड्, धड्, धड्.

"आहे," बाई म्हणाल्या.  "काका, चाकही असेल आणि हातही असतील, असं होऊ शकतं ना?"

"हात म्हणजे?"

"काही नाही. डावीकडे लावा."

मला डावीकडे लावलं. जिला काढलं ती माझीच बहीण, पण त्या वेळी तिच्याकडे बघायचंही भान नव्हतं. पुन्हा हायवे. सत्तर. ऐंशी. मी जीव एकवटून गोल राहिले, आणखी काय करणार? नव्वद.

काहीच नाही.

शंभर. काही नाही. स्टिअरिंगच्या दांड्यांतून माझ्यापर्यंत बाईंचे हात पोचत होते. ते हात इतके स्थिर होते की मला त्यांची नाडी लागावी. मी इतकं शांत काही कधी अनुभवलं नव्हतं. डिकीत शांतता नव्हती, फक्त अंधार होता, हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी गाडी कडेला थांबवली आणि दोन्ही हात समोर धरून बघत राहिल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "माझे नाहीत हो."

"काय म्हणालात?" काकांनी विचारलं.

"चला म्हटलं."

काढलेलं चाक काकांनी मशीनवर हळूहळू फिरवलं आणि त्याच्या अगदी जवळ खडू धरला. सगळीकडे खडू टेकलाच नाही, फक्त एका जागी, वीतभर, पांढरी रेघ उमटली. "टायरच्या आतली पोलादी तार तुटलीय," ते म्हणाले. "खड्ड्यात आपटलं असेल. वजनाला बरोबर, पण गोल नाही. म्हणून मशीन फसलं." बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला जेमतेम लागेल एवढा उंचवटा! त्याने एक दवाखाना बंद पडायला आणला होता. माझी बहीण बिचारी स्वतःच जखमी होती. तिच्यावर मला राग धरवला नाही.

शनिवारी आम्ही दवाखान्याला गेलो, नव्वदने. आता मी पुढे असल्याने समोरचं सगळं दिसतं. दारावरची पाटी मी पहिल्यांदाच पाहिली. निळ्यावर पांढरी अक्षरं, सुबक, गोलाईदार. फक्त शेवटच्या अक्षराची उभी रेघ वेडीवाकडी, पाण्यातली काठी दिसते तशी. शिडी लावून पाटीवाला वर चढला होता.

"थांबा, काढू नका," बाई म्हणाल्या.

"मग ही एवढी रेघ सरळ करून देऊ का? वाकडी झालीय."

 बाई म्हणाल्या, "ती माझ्या वडलांची शेवटची रेघ आहे. एका हाताने दुसरा हात धरून काढलेली. त्यांचा हात खरंच थरथरत होता. राहू दे तशीच."

पाटीवाला शिडीवरून उतरला. आत आजीबाई जबडा धरून केव्हाच्या बसल्या होत्या. बाई हात धुऊन आत गेल्या.

मी दारात उभी आहे. आता मी झिजणार, खिळे टोचतील, एक दिवस मलाही काढतील. काढू देत. डिकीतल्या माझ्या जागी नवी कुणीतरी येईल, तिच्यात अधूनमधून हवा बघा, एवढंच मागणं. आणि नव्वदला कधी तुमचे हात थरथरले, तर लगेच स्वतःला बोल लावू नका. शेजारच्याला म्हणा, जरा तू धरून बघ.