चेहरा जुळत नाही

खिडकीपाशी उभं राहून त्याने पुन्हा एकदा डोळे मिचकावले.

"आता मान डावीकडे वळवा, बाबा," मुलगी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरत म्हणाली. "आता हसा."

"कशाला?"

"ते म्हणतंय."

त्याने ओठ ताणले. दात दिसले, हसू काही दिसलं नाही. मोबाइलने थोडा वेळ विचार केल्याचं सोंग आणलं आणि तांबड्या अक्षरांत निकाल दिला: चेहरा जुळत नाही.

"गाढव आहे," तो म्हणाला.

उभा जन्म त्याने लिफ्ट तपासण्यात घालवला होता. लिफ्टमध्ये मंत्री शिरो की म्हैस, तू कोण असं तिने कधी कुणाला विचारलं नाही. फक्त वजन बघायची. यंत्राने आपल्या पायरीने राहावं, असं त्याचं स्पष्ट मत होतं. आता कंपनीने पेन्शन ऑनलाइन केली होती. महिनाअखेरपर्यंत खातं उघडलं नाही तर ती थांबणार होती, आणि घर तर तिच्यावरच चालत होतं. पण हे त्या डबड्याला कोण सांगणार?

त्याने मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आमच्याकडचा फोटो फार जुना आहे. आपण नवीन टाकू शकता."

"टाकतो. कुठे?"

"आपल्या खात्यात, सर."

"आणि खात्यात शिरायचं कसं?"

"चेहरा दाखवून."

"अहो बाई, तो जुळत नाही म्हणूनच तर फोन केलाय!"

"बरोबर आहे, सर. मग आधी फोटो बदलून घ्या. आणखी काही मदत करू?"

असली मदत वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. त्याने फोन ठेवला.

तोवर मुलीने कपाटातून त्याचं नोकरीतलं जुनं ओळखपत्र शोधून काढलं होतं. कंपनीकडे होता तो हाच फोटो. तिने तो उजेडात धरला.

"बाबा, हे कान तुमचे नाहीत."

"मग काय, भाड्याने आणलेत?"

"हे काका आहेत."

तो चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

नोकरी लागली त्याच आठवड्यात त्याला गालगुंड झालं होतं. भोपळ्यासारखं तोंड जन्मभर गळ्यात अडकवून फिरण्यापेक्षा त्याने धाकट्या भावाला आपला कोट घालून फोटोला बसवलं. दोघे एकाच साच्यातले. फरक काय तो कानांचा, धाकट्याचे सुपाएवढे. साहेबाने ना फोटोकडे पाहिलं, ना त्याच्याकडे. पुढे निवृत्त होईपर्यंत कुणीच पाहिलं नाही. पाहिलं ते या डबड्याने. गाढवाचं बरोबर होतं, हेच त्याला जास्त झोंबलं.

"काकांकडे जाऊ या?"

"त्या खिळेठोक्याकडे? मेलो तरी नाही."

"मेलात तर पेन्शन तशीही बंद होईल," मुलगी म्हणाली आणि चपला घालू लागली.

धाकटा सोफे शिवायचा. वडिलांची सागवानी खुर्ची त्याने कुणाला न विचारता बिबट्याच्या ठिपक्यांच्या रेक्झिनने मढवली, तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. ते दुकानात शिरले तेव्हा तो तोंडात खिळे धरून एका कोचाशी झुंजत होता. खुर्ची कोपऱ्यात होती. बिबट्या अजून ठणठणीत होता.

मुलीने सगळं सांगितलं. धाकट्याने एकेक खिळा तोंडातून काढून डबीत टाकला, मग पोट धरून हसला, आणि हसता हसता बराच वेळ खोकत राहिला.

"म्हणजे दादा, इतकी वर्षं नोकरी मी केली? दमलो रे!"

"बडबड नको. डोळे मिचकाव."

धाकट्याने डोळे मिचकावले, मान वळवली. हस म्हणून त्याला सांगावंच लागलं नाही. मोबाइलने हिरव्या अक्षरांत थोरल्याचं नाव घेऊन त्याचं स्वागत केलं.

"झालं," थोरला म्हणाला. "आता तो फोटो बदल आणि चल."

मुलगी वाचत होती. "बाबा, एकदा जुळला की बदलता येत नाही, म्हणतंय. दरवर्षी हाच चेहरा दाखवायचा. हयात आहात म्हणून."

"कोण हयात?"

"फोटोतला."

एवढं ऐकायला धाकटा थांबला नव्हता. ओठांत पेटती सिगारेट धरून, भिंतीला शिडी टेकवून तो माळ्यावरचा रेक्झिनचा गठ्ठा काढायला चढलाही होता. शिडीची मधली पायरी सुतळीने बांधलेली होती. थोरल्याची नजर त्या सुतळीवर गेली.

"ही शिडी आहे की तिरडी?"

"पहिल्यापासून हीच आहे," वरून उत्तर आलं. "तुला आज दिसली."

"सिगारेट टाक."

"आँ?"

"टाक म्हणतो ना! आणि दोन्ही हातांनी धर."

सिगारेट खाली पडली. थोरल्याने ती बुटाखाली चिरडली आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बाबा, निघायचं ना?" मुलीने विचारलं. त्याने मान वळवली नाही.

धाकटा गठ्ठा घेऊन सावकाश उतरला. त्याने गठ्ठा कोचावर टाकला, हात झटकले आणि भावाकडे पाहत राहिला.

"दादा, उतरलो मी. सोड आता."

"दिसतंय मला," तो म्हणाला. शिडी मात्र त्याने सोडली नाही.