न कापायचा दोरा

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. कपडे शिवणाऱ्या एका मास्तरांच्या दुकानात, शिलाई मशीनसमोर माझी जागा. एका सुताराने मला मोडक्या दाराच्या फळीतून घडवले. माझा एक पाय किंचित आखूड झाला, म्हणून त्याने खाली चामड्याचा तुकडा ठोकून दिला. मास्तर पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "झकास! आता हे मोडेपर्यंत मी उठत नाही."

आणि मित्रांनो, ते खरेच उठत नसत. सकाळी बसले की थेट जेवायला उठायचे. गिऱ्हाइके त्यांच्या कॉलरचे कौतुक करायची आणि मला वाटायचे, त्यातले थोडे माझेही आहे.

मग एका थंडीत मास्तर चुळबुळ करू लागले. कधी डाव्या अंगावर, कधी उजव्या. कापडाची घडी घालून बसले, घडी काढून बसले, उगाच उठून दारापर्यंत गेले. संडासाच्या जागेशेजारी त्यांना गळू आले होते. ते फुटले की बरे वाटायचे, पण पुन्हा भरायचे. मास्तर मूळव्याध समजून तिचे मलम आणत आणि कापडाच्या ठाणामागे दडवत. काज-बटणे करणारी त्यांची थोरली बहीण समोरच बसायची.

"स्टुलाला मुंग्या लागल्यात का रे?"

"उकडतंय, ताई."

"थंडीत?"

एक दिवस पँटीवरचा डाग ताईंना दिसला. त्यांनी दुकानाचे शटर ओढले आणि भावाला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या.

तो भगंदर निघाला. आतल्या एका बारीक ग्रंथीत पू होतो आणि तो कातडीपर्यंत बोगदा पाडतो. बाहेरचे तोंड मिटले तरी आतला बोगदा राहतो. गोळ्यांनी आणि कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो, बोगदा मात्र सहसा बुजत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे सगळे मास्तरांना समजावले होते. पण मास्तरांनी लाजेने ताईंना बाहेर बसवले आणि स्वतः खाली मान घालून "कळलं, कळलं" म्हणत राहिले. ऐकले काहीच नाही. ऑपरेशन झाले. बाईंनी बोगद्यातून एक सैल दोरा ओवून ठेवला, म्हणजे पू वाहत राहील आणि सूज उतरली की पुढचे ऑपरेशन करता येईल.

मास्तर दुकानात आले, पण आता त्यांना दोऱ्याची गाठ टोचत होती. शिवणाऱ्या हाताला लोंबता धागा बघवत नाही. एका दुपारी ताई कपडे पोचवायला गेल्या. मास्तरांनी पडदा ओढला, माझ्यावर एक पाय ठेवला, आणि मी कात्रीचा आवाज ऐकला.

काही दिवस मास्तर गुणगुणत होते. मग एका सकाळी ते माझ्यावर टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले. अंग तापले होते.

"ताई, तो दोरा मी कापला."

"कुठला दोरा?"

"बाईंनी घातलेला. मला वाटलं, टाका आहे, काढायला विसरल्या."

ताईंच्या हातातले बटण खाली पडले. "अरे शहाण्या, गिऱ्हाइकाची बाही आहे का ती? दिसला धागा की तोड!"

आत पुन्हा पू साचला होता. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा दोरा. परत आल्यावर ताईंनी डॉक्टरीणबाईंची नक्कल करून दाखवली, "मास्तर, मी तुमच्या कापडावर कात्री चालवते का?" मास्तर हसले, पण उभ्यानेच.

"शेजारच्या न्हाव्याचा भगंदर सरळ कापून मोकळा केला. तो बराही झाला. माझा का नाही कापत?" ते कुरकुरले.

"त्याचा वरवरचा होता. तुझा स्नायूतून गेलाय. स्नायू जास्त कापला तर संडास आवरणार नाही, असं बाई म्हणाल्या. या खेपेला मी आत होते, विसरलास?"

त्या काळात मला कोपऱ्यात सरकवले गेले. माझ्यावर कापडाचे गठ्ठे चढले. मास्तर उभ्याने कापड बेतत आणि बंद मशीनकडे बघत. पुन्हा बसून शिवता येईल का, एवढाच घोर त्यांना होता, आणि मलाही. शेवटी तिसरे ऑपरेशन झाले. बाईंनी आतले तोंड शेजारच्याच नाजूक अस्तराने झाकले. त्या म्हणाल्या होत्या, "बऱ्याच जणांचं बरं होतं, काहींचं परत येतं. आलं तर लपवू नका."

आज मास्तरांनी माझ्यावरचे गठ्ठे उतरवले आणि ते हळूच बसले. मशीन चालू झाली. एक पूर्ण कॉलर झाली, दुसरी सुरू झाली, आणि मग त्यांचे वजन किंचित डावीकडे सरकले. माझा आखूड पाय करकरला.

"दुखतंय का रे?" ताईंनी विचारले.

मशीन थांबली. "थोडं. आधी होतं तिथंच, उजवीकडे. उद्या दाखवून येऊ. तू आत ये माझ्याबरोबर."

मित्रांनो, उद्या बाई काय सांगतील, मला ठाऊक नाही. तुमच्या घरातही कोणी असे चुळबुळत बसत असेल. हसू नका, विचारा. आणि तुम्हालाच दुखत असेल तर लाजू नका, नीट ऐका, न कळलेले पुन्हा विचारा. स्टुलाला सारे कळते, पण ते कोणाला दंडाला धरून दवाखान्यात नेऊ शकत नाही.