काकासाहेबांचा लेयर

नकाशा हा बांधकामाचा आत्मा आहे आणि त्यावरचा आकडा हे अंतिम सत्य. जालन्याच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात हे वाक्य आमचे मालक काकासाहेब यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. फरक एवढाच की काकासाहेब प्रत्येक अंतिम सत्याच्या तीन प्रती ठेवत.

कारण असं. एकच नकाशा शंभराच्या, म्हणजे एकास शंभर, स्केलवर छापला तर अक्षरं एका उंचीची लागतात, पन्नासाच्या स्केलवर त्याच्या निम्म्या उंचीची. म्हणून काकासाहेब तोच आकडा तीन स्केलसाठी कॉम्प्युटरमधल्या नकाशाच्या तीन लेयरवर, म्हणजे एकावर एक थरांवर, हातानं टाइप करत आणि पन्नासाचा लेयर लॉक करून ठेवत. त्याला हात लावायचा हक्क फक्त त्यांना.

२००८ साली नवं सॉफ्टवेअर आलं. हसनाबादचा राधाकिसन, आमचा ड्राफ्ट्समन, ते शिकून आला.

"साहेब, आता एकदाच लिहायचं. कागदावर तीन मिलिमीटर पाहिजे म्हणून सांगायचं, बस. स्केल बदललं की ॲनोटेशन, म्हणजे हे आकडे-अक्षरं, आपोआप बराबर बसतं."

"आपोआप?" काकासाहेब म्हणाले. "मंग तू कशाचा पगार घेऊन राह्यला?"

विषय संपला.

त्या वर्षी पुंजाराम नावाच्या कापूस व्यापाऱ्याचं बदनापूरला कापसाचं गोदाम निघालं. दरवाजा आधी आठ फुटी होता. पुंजाराम म्हणाला, बारा करा. राधाकिसननं दोन लेयरवर बारा केले. तिसरा लॉक होता. त्यानं काकासाहेबांना दोनदा सांगितलं, एकदा चिठ्ठी लिहून. चिठ्ठीवर काकासाहेबांनी चहाचा कप ठेवला.

दिवाळीनंतर पुंजाराम ऑफिसात आला तो चप्पल न काढता.

"भरलेली ट्रॉली दारात अडकून पडली! आठ फूट! डोळे गहाण ठिवले का तुम्ही?"

काकासाहेबांनी नकाशे पसरले. शंभरावर बारा, पन्नासावर आठ. मग त्यांनी राधाकिसनकडे बोट केलं.

"यानंच गडबड केली. कॉम्प्युटरशी खेळून राह्यला नुसता."

राधाकिसनचे कान लाल झाले. "लॉक कुणाचं हाय? चिठ्ठी कुणाला दिल्ती मी? एकदा लिहून तीनदा दिसलं असतं तर ही वेळ आली असती का? तुमच्या हट्टापायी माझं नाव खराब करता?"

"उद्यापासून येऊ नको."

"न्हाईच येत! पण साइटवर कोणता कागद गेला ते आज बघणारच. बिलकुल बघणार!"

पुंजारामच्याच जीपमधून आम्ही चौघं बदनापूरला गेलो. वाटेत राधाकिसन नुसता मुठी वळत होता. गोदामाच्या दारात ट्रॉली अजून फसलेलीच होती, दोन्ही बाजूंनी कापूस ओरबाडलेला. मल्हारी मिस्त्री ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

"मल्हारीमामा," राधाकिसन ओरडला, "नकाशा कोणता पाह्यला तुम्ही? शंभराचा का पन्नासाचा?"

"नकाशा?" मिस्त्रीनं आत जाऊन सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमागून गुंडाळी आणली. "हा घ्या. जपून ठिवलाय."

"मंग दार आठ फुटी कसं काढलं?"

मिस्त्रीनं पुंजारामकडे पाहिलं. पुंजाराम ट्रॉलीच्या चाकाकडे पाहत होता.

शटर पुंजारामनंच पायाभरणीच्या आधी एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातून आणून टाकलं होतं. ते आठ फुटी होतं. गुंडाळीवर ऑफिसातून लावलेलं रबरबँड तसंच होतं.