निळ्या स्टिकरचा सात नंबर

सोमवार, सकाळचे साडेदहा. संगणकवर्ग, पहिला मजला, खिडकीपासून तिसरं टेबल. चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी दोन कागद माझ्या कीबोर्डवर ठेवले. एक बदलीचं पत्र, दुसरा याच क्लासचा प्रवेशअर्ज. अर्जातल्या एका खुणेवर बोट टेकवून त्यांनी विचारलं, "ही टिक कोणी केली?"

खोलीत त्यांना धरून चार माणसं होती. बाकीच्यांनी आपापल्या कामात डोकं घातलं.

मी त्याच टेबलावरचा सात नंबरचा संगणक बोलतोय. मला बोलायला कोणी सांगितलेलं नाही. पण गप्प बसणाऱ्यांची इथे आधीच गर्दी झाली आहे.

माझी पहिली आठ वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढता काढता मी म्हातारा झालो. मग नवे संगणक आले आणि आम्हा अकरा जणांची रवानगी जिन्याखाली झाली. चौदा महिने कोणी बटण दाबलं नाही. माझ्या पंख्यात कोळ्याने संसार थाटला होता. तिथून आम्हाला या क्लासच्या मालकांनी उचललं. शिकवतातही तेच, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात.

पहिल्या दिवशी एक मेकॅनिक आला. त्याने आम्हा अकराही जणांत सी, जावा आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या तिन्ही भाषा बसवल्या. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सर स्टिकरचा कागद घेऊन आले. निळा म्हणजे सी, लाल म्हणजे जावा, पिवळा म्हणजे पायथन. माझ्या कपाळावर निळा बसला. "एका खुर्चीला एक भाषा. गोंधळ नको," सर म्हणाले. तेव्हापासून इथला रिवाज असा, की नवा माणूस आला की आधी रिकामी खुर्ची बघायची, मग तिच्यापुढच्या संगणकाचा रंग बघायचा आणि ती त्या माणसाची पहिली भाषा. तुम्हाला शिकून करायचंय काय, हे विचारायला अर्जात रकानाच नव्हता.

या बाई आल्या त्या दिवशी माझी खुर्ची रिकामी होती.

त्या औषधांच्या गोदामात पॅकिंगला होत्या, एकोणीस वर्षं. पॅकिंग विभाग चार महिन्यांत दुसऱ्या गावी हलणार होता, पाच तासांच्या वाटेवर. घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि आईचं करणारं दुसरं कोणी नाही. जुन्या जागेत फक्त संगणक विभाग राहणार होता आणि तिथे एक जागा होती. प्रोग्रामिंग शिका, परीक्षा द्या, पास झालात तर इथेच राहा, असं नोटिशीत लिहिलं होतं. ती नोटीस बाईंनी अर्जाला टाचून दिली. प्रवेशाच्या दिवसाचं हे सगळं त्यांनी पुढे शेजारच्या खुर्चीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"मॅडम, यात पायथन म्हटलंय," त्या काउंटरवरच्या मॅडमना म्हणाल्या.

"ती बॅच भरलीय हो ताई. आणि भाषा सगळ्या आतून सारख्याच असतात. एक आली की सगळ्या आल्या."

मागून सरांनी जोड दिली. "सी म्हणजे पाया! पायाशिवाय घर बांधतात का कधी?"

घरांचे नकाशे मी आठ वर्षं काढले आहेत. कुठलं घर बांधायचंय हे ठरल्याशिवाय पाया खणताना मी कोणाला पाहिलेलं नाही. पण बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या क्लासला कशाला आल्या असत्या? त्यांनी विश्वास ठेवला.

शिकल्या मात्र जीव तोडून. पहिला प्रोग्राम साधा असतो, पडद्यावर एक ओळ उमटवायची. बाकीच्यांनी पुस्तकातली ओळ उतरवली. यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "आई, जेवलीस का?" एक अर्धविराम राहिला म्हणून मी सहा वेळा कुरकुरलो. तो माझा स्वभाव नाही, त्या भाषेचा आहे. सातव्या वेळी ओळ उमटली आणि बाईंनी माझ्या डब्यावर दोनदा थापटलं. खोकं बंद केल्यावर त्या तसंच थापटत असाव्यात. त्यानंतर प्रत्येक प्रोग्राम चालला की दोन थापा ठरलेल्या.

शेजारच्या आठ नंबरवर एक निवृत्त वायरमन बसत. सगळे त्यांना मोटारकाका म्हणत. त्यांना शेतातला पंप एका छोट्या सर्किटवर आपोआप चालू-बंद करायचा होता. त्यासाठी सी हवी, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांच्या वाट्याला पिवळा स्टिकर आला होता.

"ताई, तुमचं ताट माझ्यापुढे आणि माझं तुमच्यापुढे वाढलंय," ते एकदा म्हणाले. "खुर्च्या बदलू या का?"

"बॅच बदलत नाही," सर पाटी पुसता पुसता म्हणाले. "रजिस्टर बिघडतं."

माणसांची रजिस्टरवर फार माया असते. माणूस बिघडला तर चालतो.

पॉइंटरच्या आठवड्यात निम्मा वर्ग गळाला. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता, हे सर तीन दिवस समजावत होते. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गोदामात खोकं न देता खणाचा नंबर देतात, तसंच ना?" सरांनी पाटीवरचं पुसलं. "तसंच," म्हणाले. त्या दिवशी निळ्या स्टिकरच्या उरलेल्या तिघांना पॉइंटर समजला, तो बाईंकडून. बाईंच्या डोक्यात काही कमी होतं, असं उद्या कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

परीक्षा त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी गोदामात झाली. फाईलमध्ये औषधांची यादी दिली होती. तीस दिवसांत मुदत संपणारी औषधं वेगळी काढायची, वेळ एक तास, भाषा पायथन. बाईंनी पायथनची एकही ओळ पाहिलेली नव्हती. त्यांनी सगळ्या पायऱ्या कागदावर मराठीत लिहून दिल्या. संगणक विभागाच्या प्रमुखांनी कागद वाचला. "विचार अगदी बरोबर आहे बाई. पण भाषा नोटिशीत लिहिली होती ना? हे शिकायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

जागा दुसऱ्याला मिळाली. शनिवारी बदलीचं पत्र हातात पडलं. सोमवारी त्या इथे आल्या, मॅडमकडून आपला अर्ज मागून घेतला आणि माझ्यासमोर बसल्या.

मोटारकाकांनी पत्र वाचलं. त्यांनी माझा माऊस ओढला आणि माझ्या आतल्या प्रोग्रामांची यादी उघडली. तिथे पायथन होतं.

"अहो ताई, हे तर यातही आहे!"

"कधीपासून?"

काकांनी तारीख काढून दाखवली. मेकॅनिकच्या दिवसापासून होतं.

बाईंनी काकांची पिवळी वही समोर ठेवली आणि परीक्षेतलाच प्रश्न टाईप करायला घेतला. अट, आवर्तन, यादी हे सगळं त्यांना सीमधून येतच होतं, फक्त शब्द बदलले होते. पन्नास मिनिटं लागली. अकरा ओळी. यादी अचूक उमटली. मी थापेची वाट पाहिली. ती आली नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. सी वाईट नाही आणि पायथन काही देव नाही. पहिली भाषा कोणती, हे लोकांना विचारण्याआधी शिकून काय करणार आहात ते स्वतःशी ठरवा, आणि समोरचा ते न विचारताच उत्तर देऊ लागला तर उठा. कपाळावरच्या कागदाला भुलू नका. माझ्या आत काय आहे ते मला विचारा. एक क्लिक पुरे.

मग बाईंनी तो अर्ज उचलला. "भाषा" या रकान्यात सीपुढे टिक होती आणि पुढे छापलेलं होतं, "विद्यार्थ्याच्या पसंतीने."

"सही माझी आहे, काळ्या शाईची. हा रकाना मी कोरा सोडला होता. टिक निळी आहे. कोणाची?"

"माझ्याकडे आला तेव्हा भरलेलाच होता," मॅडम म्हणाल्या.

"टिक विद्यार्थीच करतात," सर म्हणाले.

"मग अर्जाला टाचलेली ही नोटीस कोणी वाचली?" मोटारकाकांनी विचारलं. सर फोन आल्यासारखे बाहेर गेले.

मी साक्ष दिली असती. पण प्रवेशाच्या दिवशी मी बंद होतो, माझ्यावर कापड टाकलेलं होतं.

बाई पंधरा तारखेला बदलीच्या गावी गेल्या. आईला कोणाकडे ठेवलं, ते इथे कोणाला माहीत नाही. त्या सोमवारी क्लासमधून निघताना त्यांनी अर्ज माझ्या कीबोर्डखाली सरकवला आणि माझ्या कपाळावरचा स्टिकर नखाने सोलून काढला. मंगळवारी सरांनी नवा चिकटवला, निळाच. आज माझ्यासमोर दुसरं कोणी बसलं आहे.

अर्ज अजून माझ्या कीबोर्डखाली आहे. नोटीस त्याला टाचलेली आहे, "पायथन" या शब्दाखाली कोणीतरी ओढलेली रेघ आहे, आणि ती रेघ टिकेच्याच निळ्या शाईची आहे.