सेबोमच्या नावाचं आमेन

आधीच सांगून टाकते, मी जन्मात लाल पक्षाशिवाय दुसऱ्या कोणाला मत दिलेलं नाही. माझ्या बापाने दिलं, नवऱ्याने दिलं, मी दिलं. आमच्या या लसणाच्या मुलखात निळ्या पक्षाला मत देणारा माणूस न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा तोंड उघडत नाही. तेव्हा मी कोणाची हस्तक-बिस्तक नाही. मी बंग मालन्यो, वय चौसष्ट, चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. त्या रविवारी मी जे केलं ते पूर्ण शुद्धीवर केलं. 'म्हातारीचं डोकं फिरलं' असं जे गावभर सांगत सुटलेत ना, त्यांनी जरा बसून ऐकावं.

सेबोम माझी एकुलती एक मुलगी, आडनाव बापाचं, मेंग. तीन वर्षांपूर्वी आमचे पाळक गिल भर उपदेशात म्हणाले की निळ्यांना मत देणारे सगळे सैतानाचे मजूर. सेबोम दुसऱ्या बाकावर बसली होती. उठली, बायबल काखेत मारलं आणि मधल्या वाटेने टाचा वाजवत निघून गेली. पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. उलट यंदा गावच्या निवडणुकीला निळ्यांच्या प्रचारकांचं निळं जाकीट चढवून बाजारच्या चौकात उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारीला कमरेतून वाकून नमस्कार काय, प्रचाराच्या गाण्यावर हातवारे काय! मी भाजीला मागच्या गल्लीने जायला लागले. नाही आवडलं मला, आणि तसं तोंडावर सांगितलंही. म्हटलं, "आज तुझे बाबा असते तर!"

"तर मला उन्हात पाणी आणून दिलं असतं," ती म्हणाली.

आणि खरंच दिलं असतं त्या माणसाने.

तीन वर्षं पहाटेच्या प्रार्थनेत मी देवाकडे एकच रड लावली होती, पोरगी परत येऊ दे. थंडीत थिजून, गुडघे दुखत असताना, रोज. मधे तिला मुलगी झाली, सोल. आता आठ महिन्यांची आहे, गाल असे की चावा घ्यावा. तर या वसंतात सेबोमचा आपणहून फोन आला.

"आई, सोलचा बाप्तिस्मा तिथेच करू. बाबांनी त्या भिंतींना विटा वाहिल्यात. पण एक अट आहे. त्या दिवशी राजकारणाचा एक शब्द कानावर आला तर मी उठून जाईन. मग मीही नाही येणार आणि सोलही नाही. कधीच नाही."

"अगं, कधीच नाही काय?"

"आई, मला ओळखतेस ना?"

ओळखते. माझ्याच पोटची आहे.

मी तशीच उठून पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकलं, हात वर केला आणि म्हणाले, "मालन्योबाई, त्या दिवशी माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. शब्द देतो." मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरला. मतदान त्याच्याच पुढच्या बुधवारी होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण आनंदात कुठलं काय कळतंय! मी नातीसाठी पांढरी टोपी विणायला घेतली.

आमच्याकडे उपदेशाआधी कोणीतरी एकजण पुढे जाऊन सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करतो. बाकीच्यांनी डोळे मिटायचे, आणि पुढचा श्वास घ्यायला थांबला की एका आवाजात आमेन म्हणायचं. लहानपणापासूनची सवय, काय बोललं गेलं ते डोक्यात शिरायच्या आत तोंडातून आमेन निघतं. एकदा एकाने प्रार्थनेतच 'आणि बाहेर कोणाची तरी पांढरी गाडी आडवी लागली आहे' असं म्हटलं, तर त्यालाही अख्ख्या चर्चने आमेन ठोकलं होतं. महिन्याचा शेवटचा रविवार महिला मंडळाचा. म्हणजे त्या दिवशीची प्रार्थना माझी.

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात मी दुसऱ्या दिवशीच्या चर्चच्या जेवणातल्या नूडल्सवर पट्ट्या कापून घालायला अंड्याच्या पोळ्या काढत होते. शेजारी बुन्सोन भाजी चिरत होती. तीस वर्षं आम्ही दोघी त्या ओट्याशी उभ्या आहोत. तिचे यजमान प्यो चर्चचे पंच. ते आत आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "उद्या प्रार्थना तुमची ना? त्यात एक वाक्य घालायचं आहे. निवडणूक होईपर्यंत सगळेच घालतायत."

"कसलं वाक्य?"

"प्रभू, निळं जाकीट घालून चौकात उभ्या राहणाऱ्यांना या गावातून हाकलून दे. बास, एवढंच."

उलथणं माझ्या हातातच राहिलं. "पंच, उद्या सेबोम येणार आहे."

"ठाऊक आहे की. म्हणून तर! आईच्या तोंडून ऐकलं म्हणजे डोक्यात प्रकाश पडेल."

"पाळकसाहेबांनी मला शब्द दिलाय."

"त्यांच्या तोंडाचा दिलाय. तुमच्या तोंडाचा नाही."

"अहो, काहीतरीच काय!" बुन्सोन म्हणाली.

"तू भाजी चीर," प्यो म्हणाले.

मी विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?"

"तर काय... बाप्तिस्म्याला पंचमंडळाचा होकार अजून बाकी आहे. नाताळात बघू म्हणे."

अंड्याची पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि एप्रनसकट वर पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. खिडकीतल्या कुंडीकडे बघत म्हणाले, "प्रार्थना म्हणजे राजकारण नव्हे, मालन्योबाई. ते देवाशी बोलणं आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. देवाशी बोलणं! कोणत्या गावात कोणी कसलं जाकीट घातलंय हे आता देवाला प्यो सांगणार! ते वाक्य म्हटलं तर सेबोम जाणार. नाही म्हटलं तर बाप्तिस्मा नाही, म्हणजे तरीही सेबोम जाणार. दोन्हीकडून माझी पोर जाणार आणि यांचं काय जाणार? मी घरी आले आणि टोपीची शेवटची फेरी तीनदा उसवली.

रविवारी सेबोम आली. जावई आला. सोलने पांढरा झालरीचा झगा घातला होता, डोक्यावर माझी टोपी. तिसऱ्या बाकावर बसले. जुन्या बायका गालाला हात लावून गेल्या, 'आजीवर गेलीय' म्हणाल्या. सेबोम सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती, पण पाठ कशी ताठ! वेदीपाशी पाण्याचं रुपेरी भांडं ठेवलेलं. प्यो पहिल्या बाकावर, कोटाच्या आत लाल टाय. मला बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे आठवण करून दिली.

मी पुढे गेले, माइक खाली ओढला. सगळ्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, लसणाचं पीक दिलंस, आभार."

"आमेन!"

"दवाखान्यात पडलेल्यांना हात लाव."

"आमेन!"

मी एक डोळा उघडला. तिसऱ्या बाकावर पोरीला कवटाळून माझी सेबोम डोळे मिटून बसली होती. तीन वर्षांनी. तिचे ओठ आमेन म्हणताना मी पाहिले. तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. देवाच्या घरातून माझ्या पोरीला बाहेर काढायला मलाच पुढे घालतात? माझ्याच तोंडाने?

"प्रभू," मी म्हटलं, "निळं जाकीट घालून चौकात उभ्या राहणाऱ्यांना या गावातून हाकलून दे."

"आमेन!" त्या दिवसातलं सगळ्यात मोठं आमेन. खिडकीची काच थरथरली.

सेबोम उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. जावई पिशवी उचलू लागला. मी थांबले नाही.

"कोणाला ते नाव घेऊनच सांगते प्रभू, म्हणजे तुझा घोटाळा नको व्हायला. मेंग सेबोम. याच भांड्यातल्या पाण्याने जिचा बाप्तिस्मा झाला, ती. नाताळच्या नाटकात जी मेंढी झाली होती आणि बुन्सोनने जिला कापसाची शेपटी शिवली होती, ती. जिच्या बापाने या भिंतीच्या विटा पाठीवर वाहिल्या, ती. तिला हाकलून दे."

सवयीने दोन-तीन आमेन निघाले आणि अर्ध्यात विझले. डोळे उघडायला लागले.

"तिच्या कडेवर आठ महिन्यांची पोर आहे. नाव सोल. तिचं मत अजून कळलेलं नाही, पण आईचं दूध पिते तेव्हा निळीच असणार. तिलाही हाकल."

मी माइक तोंडाशी आणला.

"म्हणा ना आमेन! आता का दातखीळ बसली? मघाशी तर काचा हलल्या!"

"मालन्योबाई, पुरे," पाळकसाहेब खुर्चीतून उठले.

"प्रार्थना चालू आहे, पाळकसाहेब. मधे बोलायचं नसतं. देवाशी बोलणं आहे ना हे?" ते पुन्हा बसले. "प्रभू, पंच प्यो म्हणाले तसं शब्द न शब्द मागितलंय. माझं स्वतःचं मागणं मी तीन वर्षं पहाटे मागतेय, ते तुला पाठ आहे. येशूच्या नावाने."

इथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं, तेव्हा प्रार्थना संपते. कोणी म्हणेना. प्योंची मान लाल झाली, टायपेक्षा लाल. वादकाने बोटं पेटीवर ठेवली होती, ती तशीच. मी जागची हलले नाही. तितक्यात गाणाऱ्यांच्या रांगेतून बुन्सोन उभी राहिली, अंगात पांढरा झगा, हातात वही.

"मी नाही म्हणत आमेन," ती म्हणाली. तिने वही मिटली. "आणि मघाचं माझं आमेन परत घेते. ऐकलंत का हो? परत घेते." शेवटचं नवऱ्याकडे बघून.

मागून कोणी म्हातारी पुटपुटली, "मीही." आणखी एकजण. सगळे नाही हं, खोटं कशाला सांगू. निम्मे लोक छताकडे बघत होते.

सेबोम मधल्या वाटेवर आली होती. दार तिच्या डाव्या हाताला. ती उजवीकडे वळली, सरळ वेदीपाशी आली, सोलची टोपी काढली आणि पाळकसाहेबांसमोर उभी राहिली.

"द्या बाप्तिस्मा," ती म्हणाली. "आता एवढ्यात परत कोणी डोळे मिटणार नाही."

त्यांनी इतक्या घाईने ओंजळ उपडी केली की निम्मं पाणी पोरीच्या डोळ्यांत गेलं. सोलने अशी बोंब ठोकली की त्यांचे शब्द कोणाला ऐकू आले नाहीत. पण म्हटले त्यांनी. मी जवळ होते, मी ऐकले.

नंतर तळघरात मी पातेल्याशी उभी होते. सेबोम दारात आली. डोळे सुजलेले.

"आई, तू का केलंस ते कळलं मला," ती म्हणाली. "पण तुझ्या तोंडून ते ऐकताना काय झालं, ते तुला नाही कळणार."

"नाही कळणार," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी येईन असं धरून चालू नकोस."

"जेवून तरी जा."

तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "बांधून दे. रस्सा वेगळा बांध."

मी बांधलं. अंड्याच्या पट्ट्या दुप्पट घातल्या. ती पायऱ्या चढून गेली, सोलचं रडं वरून ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

एवढ्यात समोर वाडगा आला. प्यो. टाय सैल केलेला, नजर जमिनीवर.

"संपलं," मी म्हटलं.

पातेल्यात अर्ध्याहून जास्त रस्सा होता, वाफ आमच्या दोघांच्या मधे उठत होती. मी झाकण ठेवलं.