उरलेलं विशेषण

नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण काजापाशी क्षणभर अडलं – अंगठ्याखाली शिंपल्याची ती गार, गुळगुळीत चकती – आणि मग निसटून पलीकडे गेलं, तशी वरून त्यांचा आवाज आला, "नाइस."

तिने मान वर केली नाही. दुसरं बटण. "नाइस." तिसरं...

मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली त्या सकाळी त्यांचा उजवा हात आणि सगळी भाषा एकदमच गेली; मागे राहिला हा एवढाच शब्द. चहाला नाइस, इंजेक्शनला नाइस. थोरल्या भावाच्या मृत्यूचा फोन आला तेव्हाही, डोळे काठोकाठ भरलेले असताना, नाइस. आणि हा शब्द उरावा तरी कोणापाशी? ज्या माणसाने उभा जन्म कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि निबंधात हा शब्द दिसला की लाल पेन्सिलीने असा खोडला की कागद फाटावा! "चोखून चोखून बेचव झालेली गोळी," म्हणायचे. जेवताना सांगायचे – जुन्या काळी हा शब्द मूर्खाला लावत, मग नखरेलाला, मग काटेकोर, बारीक नजरेच्या माणसाला. आता हवेपासून हातरुमालापर्यंत सगळ्यांना, म्हणजे कोणालाच नाही. ती ऐकत असे, मांडीवर कोणाचा तरी कोट, सुईत दोरा. लग्नानंतर तिने शिवलेला पहिला कोट त्यांच्यापुढे धरून, मोठ्या हौसेने, त्यांच्याच भाषेत विचारलं होतं, "नाइस आहे ना?" "हा शब्द नको," ते म्हणाले होते. "नेमकं काय चांगलं आहे ते सांगावं माणसाने." नेमकं! मग तुम्ही का नाही सांगितलंत? माझ्या हातची काजं अंगावर मिरवून आयुष्यभर वर्गात उभे राहिलात, त्यांतल्या एकावर तरी बोट ठेवून...

वाचा-उपचार करणारी मुलगी आली, चित्रं दाखवून गेली. किल्ली – नाइस. कुत्रा – नाइस. निघताना दारात म्हणाली, "काकू, त्यात अर्थ शोधू नका हं. तो आपोआप बाहेर पडतो, शिंकेसारखा."

शिंकेसारखा. म्हणजे काल पाठ चोळून देताना, इतक्या हळुवारपणे आलेला तो... तीही शिंकच?

दुपारी त्यांचे जुने सहकारी आले, सायकल जिन्याखाली लावून, नेहमीसारखेच गडगडत. "वहिनी, भाग्य उजळलं तुमचं! या कंजूष माणसाने जन्मात केलं नाही तेवढं कौतुक आता करतोय."

"तुमच्या सायकलीचंही केलंय, खिडकीतून," ती म्हणाली. "घ्या वाटून अर्धं अर्धं."

ते खो खो हसले. ते हसले म्हणून हेही हसले, अर्ध्या ओठाने – "नाइस, नाइस!" – आणि तिच्या कानशिलात कळ गेली. हसा. ज्या तोंडाला अख्खं कॉलेज टरकून असायचं ते आता सगळ्यांची करमणूक झालंय, आणि माझी चेष्टा करायलाही तेच तोंड पुरतंय... ती उठून मशीनपाशी गेली.

नवा सदरा जवळजवळ झाला होता. डाव्या हाताला एकट्याने जमावा म्हणून तिने काजं आडवी घेतली होती, किंचित रुंद; कडेला जाड दोरा भरून त्यावर टाका दाटीने बसवलेला; बटणं दोऱ्याच्या उंच मानेवर, म्हणजे बोटाला पकड मिळावी. असा सदरा तिने आजवर कोणासाठी शिवला नव्हता. शेवटची गाठ तिने रागातच मारली, पण गाठ सुबक बसली – हाताला राग कळत नाही.

उन्हं उतरल्यावर तिने तो त्यांच्या खांद्यांवरून चढवला आणि दोन पावलं मागे झाली. "अहो, लावा. तुमचं तुम्ही."

डावा हात चाचपडत वर आला. बटण सापडलं, हरवलं, पुन्हा सापडलं... आणि गेलं पलीकडे. ते थांबले. अंगठा काजाच्या कडेवरून फिरला, टाक्यामागून टाका, जणू ओळ वाचावी तसा, टोकाच्या गाठीशी क्षणभर टेकला, परत फिरला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ विलग झाले, जीभ वर टाळूला लागली – तो शब्द तोंडात येऊन उभा राहिलेला तिला स्पष्ट दिसला.

आणि त्यांनी तोंड मिटलं.

खाली कोणीतरी जिन्याचं फाटक लोटलं. तिच्या ध्यानात आलं, आपण श्वास रोखून उभ्या आहोत... कशासाठी? शिंकेसाठी? सायकलीला दिलेल्या, कुत्र्याला, किल्लीला दिलेल्या त्या उष्ट्या शब्दासाठी? सगळ्या जगाला वाटला आणि माझ्याच वेळी खोडलात? की... अंगठा अजून त्याच काजावर होता, आणि नजरही हलली नव्हती.

तिचा संताप उसळत वर आला, जुना, ओळखीचा, लग्नाइतका जुना. आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच, रागवायला समोर कोणीतरी होतं.