तिसरं पाकीट

मानसिंग दरसाल यात्रेला गावी यायचा, पंधरा दिवस राहायचा आणि परत जायचा. तो गेला की संयोगिताचं दुखणं सुरू व्हायचं. अंगावरून जायचं, ओटीपोटात कळ यायची. सासू मनुबाई म्हणायची, "उष्णता हाय ती. सब्जा खा." संयोगितानं इतका सब्जा खाल्ला होता की त्याच्या वासानंच तिला मळमळायचं.

मानसिंगचं तामिळनाडूत गलाईचं दुकान होतं. सोनं आटवायचं, त्यातलं हीण काढायचं. लोकांच्या सोन्यातलं हीण नुसत्या नजरेनं ओळखणारा हा गडी, स्वतःचं मात्र त्याला काही दिसत नव्हतं.

कडेगावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या साली स्पष्ट सांगितलं होतं. हा रोग नवऱ्याकडून येतोय. एकटीनं औषध घेऊन भागायचं नाही. दोघांनी एकदमच घ्यायचं आणि वर आठवडाभर लांब राहायचं. त्यांनी गोळ्यांची दोन पाकिटं दिली. मानसिंगनं आपलं पाकीट तिच्याच पुढ्यात टाकलं.

"मला काय धाड भरलीया? दोनी तूच खा. दुप्पट गुण यील."

आणि या खुळीनं खाल्ल्या की हो! उलट्या करकरून आडवी झाली, आणि गडी होता तसाच राहिला.

यंदा बाई म्हणाल्या, "असंच चालू राहिलं तर गर्भनळ्या बंद होतील. मग मूल राहणं अवघड आहे." त्यांनी पुन्हा दोघांसाठी दोन पाकिटं दिली. लग्नाला चार वर्षं झाली होती. घरी येताना ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसली. तिला आता रडायचाही कंटाळा आला होता.

यात्रेच्या आदल्या दिवशी ती सासूला घेऊन देवळात गेली आणि तिच्यादेखत नारळ ठेवून म्हणाली, "लेकरू दे, देवा. आजपासनं माझी पाळणूक. पायात चप्पल न्हाई, अंगाखाली गादी न्हाई, नवऱ्याजवळ जाणं न्हाई."

मनुबाईचा जीव नातवात अडकलेला. मानसिंग आल्यापासून ती सुनेला आपल्याजवळच निजवू लागली. लेक कुरकुरला तर म्हणायची, "देवाचं हाय, बाबा. मोडायचं न्हाई."

"अगं, पर सुटणार कवा ही पाळणूक?" शेवटी मानसिंग जेवताना वैतागून बोलला.

संयोगितानं त्याच्या ताटाशेजारी पाकीट ठेवलं. "तुमी ह्या खाल्ल्या की आठवड्यानं. देवाला मी मनात तसंच बोललीया."

मानसिंगनं आईकडं पाहिलं. मनुबाईला गोळ्या कसल्या ते ठाऊक नव्हतं, पण तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "नातवासाठी हाय न्हवं? गिळ की मुकाट!"

त्यानं मान खाली घालून गिळल्या. संयोगितानं आपल्याही घेतल्या. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

दिवस मावळताना ती गोठ्यात शेण भरत होती. मानसिंग दावणीशी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्यानं खुंटाच चाचपला.

"तिला बी हाय गं त्ये."

"कुनाला?"

"तिकडं. दुकानामागं राहती. पोटात लय कळ येती म्हणती. मी तिला सब्जा आणून दिलावता."

शेणाची पाटी याच्या डोक्यात घालावी, असं तिला वाटलं. एवढा संताप तिला कधी आला नव्हता. पण तो टिकेना. ती बाई आजारी राहिली की याला पुन्हा होणार आणि पुढच्या यात्रेला पुन्हा आपल्या पोटात. आणि तीही पोटाला हात लावून अशीच कुठंतरी बसत असेल.

सकाळी ती कडेगावला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला तपासल्याशिवाय कसं देऊ?" मग संयोगिताकडं बघत राहिल्या. तिच्या भेगाळलेल्या अनवाणी पायांकडं त्यांचं लक्ष गेलं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात तिला न्यायचंच, असं बजावून त्यांनी पाकीट दिलं.

मानसिंग निघाला तेव्हा तिनं पिशवीत लाडवांचा डबा ठेवला, शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि चटणीशेजारी ते पाकीट.

"तिला दवाखान्यात न्या आन् तितंच ह्ये दावा," ती म्हणाली. "आन् परत कुनाला सब्जा देऊ नगा."